मधली खोली

न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावी जाऊन अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं घर बघायचं, ही नवऱ्याची हौस. मी डबा भरून सोबत निघाले, इतकंच. पण वरच्या मजल्यावर गेले आणि थबकलेच. एका बाजूला फ्रँकलिन रूझवेल्टची ऐसपैस खोली, दुसऱ्या बाजूला त्याच्या आईची. मध्ये चिंचोळी, साधीशी खोली आणि तसाच साधा पलंग. ती एलिनॉरची. १९३३ ते १९४५, सलग बारा वर्षं राष्ट्राध्यक्षाची बायको म्हणून मिरवलेल्या बाईची!

मग मला काही सुचेना. घर सासूबाईंचं. सारा रूझवेल्ट १९४१ मध्ये गेल्या, तोवर इथे शब्द त्यांचाच. त्याआधी १९०८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क शहरात जोडघर बांधलं होतं: अर्धं स्वतःला, अर्धं मुला-सुनेला. मधल्या भिंतीत दारं. सासूबाई कधी कुठल्या दारातून आत येतील, नेम नाही. नव्या घरात आल्यावर एलिनॉर रडली होती, हे घर माझं नाहीच म्हणून. ठाण्यात आमचे दोन फ्लॅट समोरासमोर आहेत, पण दाराला निदान बेल आहे. (ती कोण वाजवतं, हा प्रश्न वेगळा.)

आणि अमेरिकन लोक आपल्या एकत्र कुटुंबांवर डॉक्युमेंटऱ्या काढतात!

अर्थात बाई नुसती रडत बसली नाही. १९२१ मध्ये नवऱ्याला पोलिओ झाला. आई म्हणाली, राजकारण पुरे, आता घरी ये. एलिनॉर तिथे हटली नाही. पुढे १९२५ मध्ये हाइड पार्कच्या घरापासून तीनेक किलोमीटरवर ओढ्याकाठी दोन मैत्रिणींबरोबर तिने दगडी घर उभं केलं, वॅल-किल. नवरा गेल्यावर ती तिथल्याच दुसऱ्या एका घरात राहिली. नेहरूसुद्धा तिथे येऊन गेलेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याचा आयोगही तिच्याच अध्यक्षतेखाली चालला. त्यातल्या 'ऑल मेन'चं 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावलं ते मात्र आयोगातल्या भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी. हे मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला पगार नसतो. मलाही नाही; माझा व्हिसा डिपेंडंटचा. पण आम्ही इथे आलो ते नोकरीसाठी, सासूबाईंपासून लांब पळायला नाही. कुणी विचारलेलं नसताना मी हे सांगतेय, तेही कळतंय मला.

संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले. ठाण्यात पहाट, आई उठलेल्याच होत्या. लगेच फोन.

"घर छान आहे गं. ती मधली एवढीशी खोली कुणाची? पाहुण्यांची का?"

मी म्हटलं, "हो आई, पाहुण्यांचीच."