पिंक मून बसवतोय: टायटल साँग हातात आलं, मतं मात्र जुळेनात

इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचा पिंक मून हा अल्बम अख्खा गिटारवर बसवायचा घाट घातलाय, त्यातलं टायटल साँग आता बऱ्यापैकी हातात आलंय. ट्युनिंग सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत सी जी सी एफ सी ई, कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी क्लिप) दुसऱ्या फ्रेटवर. सहावी तार ई वरून थेट सी वर उतरते त्यामुळे लाइट म्हणजे पातळ तारांचा सेट असेल तर ती नुसती फडफडते, मी जाड सेट लावला तेव्हा कुठे खर्ज नीट बोलायला लागला. दुसरी मात्र बी वरून सी वर चढवायची असते, ती सावकाश चढवा.

शिकता शिकता जो भेटेल त्याला अल्बम ऐकवतोय आणि जेमतेम २८ मिनिटांच्या रेकॉर्डवर इतकी टोकाची मतं निघतायत की बस. एक मित्र म्हणतो हे तर डेमो आहेत, त्याचा आधीचा अल्बम ब्रायटर लेटर ऐक, त्यात बँड आहे, स्ट्रिंग्ज आहेत. आधीच्या दोन्ही अल्बममधल्या, अरेंजर रॉबर्ट कर्बीने बांधलेल्या स्ट्रिंग्ज मलाही प्रचंड आवडतात, पण इथे त्या घालायला जागाच नाहीये, कारण खालचा बेस, मधली भर आणि वरची धून असं सगळं एकटी गिटारच सांभाळते. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत साउंड इंजिनिअर जॉन वुडसोबत दोन रात्रींत हे रेकॉर्ड झालं, आवाज आणि गिटार, वरून फक्त टायटल साँगवर थोडासा पियानो. मला तरी हे पूर्ण झालेलं काम वाटतं.

दुसरी मैत्रीण म्हणते इतकं उदास ऐकवत नाही. आता ड्रेक १९७४ मध्ये, २६ व्या वर्षी गेला हे माहीत असलं की प्रत्येक ओळ त्याच दिशेने ऐकू येते, आणि पॅरासाइट खरंच काळोखं गाणं आहे, नो (Know) या गाण्यात तर तोच तो रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) आणि मोजक्या ओळी, त्यामुळे तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण हेच टायटल साँग १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत रात्रीच्या उघड्या गाडीत वाजलं आणि कितीतरी लोकांना ड्रेक पहिल्यांदा तिथे भेटला, त्यांना ते मोकळं, हवेशीर वाटलं! आमच्या आईला यातलं काहीच माहीत नाही, ती म्हणाली काकड आरतीनंतर देवळात कसं शांत असतं तसं वाटतंय.

माझं मत उजव्या हाताने बदललं. नुसतं ऐकत होतो तेव्हा मीही उदासवाल्यांच्या बाजूचा होतो, पण वाजवायला बसलो की कळतं अंगठा किती ठाम आहे, गाणं ठेक्याच्या मागेपुढे निवांत तरंगतं आणि खाली अंगठा एकदाही डगमगत नाही, हे दोन्ही एकाच वेळी करायला डोकं प्रचंड जागं लागतं. कोलमडलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग म्हणून ऐकणाऱ्यांनी एकदा शब्द सोडून फक्त बेसच्या तारा ऐकाव्यात अशी मनापासून विनंती आहे. आणि शेवटचं गाणं बघा ना, फ्रॉम द मॉर्निंग, किती उजळ आहे, अल्बम त्यावर संपतो हे उदासवाले विसरतात.

आता तेच घेतोय. ट्युनिंग बी ई बी ई बी ई, म्हणजे सहावी अजून खाली. कुणी हे वाजवलं असेल तर कुठला सेट लावला आणि बझ (तारांची खरखर) कसा घालवला ते प्लीज सांगा.