मेल्यावरही रात्रपाळी

उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींचे भाऊ गेले. दफनविधी आटोपून परत निघालो, तेव्हा आजी मागे वळून म्हणाल्या, "आता पुढचा येईपर्यंत राखण याच्याकडे."

आयर्लंडमधली ही जुनी समजूत. जो शेवटी पुरला जातो, त्याने पुढची अंत्ययात्रा येईपर्यंत दफनभूमीवर पहारा द्यायचा. काही ठिकाणी तर पापं फिटेपर्यंत तिष्ठणाऱ्या आत्म्यांना पाणीही त्यानेच पुरवायचं. म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या की आधी फाटक कोण गाठतं याची शर्यत लागायची. मागे राहील त्याच्या माणसाला राखण! यावरून धक्काबुक्की झाल्याच्या गोष्टी अजून सांगतात.

पण माझ्या आवडीची कबर आहे ती बोहो गावातली. लिहितात बोहो, म्हणतात 'बो'. इथून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. तिथे जेम्स मॅकगर हे 1815 साली वारलेले धर्मगुरू पुरलेले आहेत. जिवंतपणी मी जे बरं करत होतो ते माझ्यावरची मातीही बरं करील, असं ते म्हणून गेले म्हणे. म्हणून लोक चमचाभर माती फडक्यात बांधून उशाखाली ठेवतात.

अंगाऱ्याच्या पुड्यांच्या घरात वाढलेल्या मला यात नवल वाटलं नाही. पण अंगारा कधी कुणी परत केलाय? इथली माती चार दिवसांत परत करावी लागते, नाहीतर काहीतरी वाईट घडतं.

2018 मध्ये स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूचा एक नवा प्रकार सापडल्याचं जाहीर केलं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातून आलं. हा नवा जिवाणू औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसएसारख्या जंतूंची वाढ रोखतो. अर्थात, हे प्रयोगशाळेतल्या बशीत. उशाखालच्या पुरचुंडीची हमी कुणी दिलेली नाही.

आजींनी गुडघ्यासाठी माती आणवली होती. गुडघा होता तसाच. चौथ्या दिवशी धो धो पाऊस. "उद्या जाऊया ना," मी म्हटलं. आजी कोट चढवून दारात उभ्या! भिजत भिजत गाठ सोडली, माती कबरीवर ओतली. गाडीत बसल्यावर आजींनी फडकं उलटंसुलटं करून पाहिलं, शिवणीत एखादा कण तर राहिला नाही ना. राहिला होता. पुन्हा उतरलो.