ओला कातळ आणि ट्रेकिंगचे बूट : चिखलदऱ्याखालच्या ओढ्यातून चढताना

अमरावतीच्या एका दुकानात ‘हे सोल कोणत्याच खडकावर घसरणार नाही’ असे छातीठोकपणे सांगून मला साडेसहा हजारांना विकलेले बूट चिखलदऱ्याच्या पठाराखालील ओढ्यात, पहिल्याच ओल्या कातळावर घसरले. त्या वाटेने जाणाऱ्यांना माझ्यापेक्षा बरी माहिती मिळावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

परतवाड्याहून घाटरस्त्याने चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर आहे. गाविलगड आणि तिथले पॉइंट साध्या बुटांत आरामात पाहून होतात, त्यामुळे त्यांच्याविषयी वेगळे काही सांगत नाही. ओढ्याची वाट मेळघाटच्या जंगलातून जाते. वनखात्याची परवानगी आणि गावातला माहीतगार कोरकू वाटाड्या, दोन्ही असल्याखेरीज तिकडे वळू नये. ज्यांनी मला या वाटेची माहिती दिली, त्यांनी ‘सोपी चढण’ एवढेच सांगितले होते. वरचा अर्धा भाग खरोखरच सोपा आहे. खालचा एक टप्पा मात्र मुळीच सोपा नाही आणि त्याला सोपा म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे.

हा टप्पा म्हणजे दोन पुरुष उंचीचा, काळ्या बेसाल्टचा उतरता कातळ आहे. डाव्या अंगाने पाणी झिरपत असल्यामुळे तिथे हिरवट बुळबुळीत शेवाळ धरलेले असते. उजवी बाजू कोरडी असली तरी जेमतेम दोन बोटे रुंदीच्या खाचांपलीकडे पाय ठेवायला तिथे काही नाही. कातळाच्या पायथ्याशी सागाची पाने कुजून चिखल झालेला असतो, तो सोलच्या दात्यांमध्ये गच्च बसतो आणि मग रबराचा खडकाला स्पर्शच होत नाही. माझा पाय दोनदा सरकला तो याच ठिकाणी. महागड्या बुटांचे खोल दाते माती आणि मुरूम यांच्यासाठी उत्तम असतात, पण गुळगुळीत दगडावर फक्त दात्यांची टोके टेकतात, त्यातच सोल टिकाऊ करण्यासाठी रबर कडक घेतलेले असले तर पकड आणखी कमी होते. दुकानदाराने सांगायला हवे होते ते हेच.

दात्यांचे रबरी सोल गिर्यारोहणात आले त्यालाही कारण होते. १९३५ साली आल्प्समधील पुंता रासिका या शिखरावर सहा इटालियन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला, आणि त्यात अयोग्य बुटांचाही वाटा होता. त्या चढाईत असलेल्या व्हिताले ब्रामानी यांनी त्यानंतर खडक, बर्फ आणि माती या तिन्हींवर चालेल असे सोल तयार केले व १९३७ मध्ये ते ‘व्हिब्रम’ या नावाने बाजारात आणले. एकच बूट तिन्ही ठिकाणी चालवायचा म्हटले की प्रत्येक ठिकाणी थोडी तडजोड येतेच. म्हणूनच खडकावर चढण्यासाठी असलेल्या चांगल्या बुटांच्या चवड्याखाली दाते नसलेला सपाट पट्टा ठेवतात. खरेदी करताना बूट उलटा करून हा पट्टा आधी पाहावा, रंग आणि नाव नंतर.

असलेल्याच बुटांची पकड सुधारायची असेल, तर नव्या सोलवरची चकाकी पॉलिश पेपरने, विशेषतः चवड्याच्या कडेला, हलकी खरवडून काढावी. बरीच वर्षे पडून राहिलेले रबर कडक होते, तेही असेच जागे करता येते. पण मधला फोमचा थर भुसभुशीत झाला असेल तर तो बूट डोंगरावर नेऊच नये, कारण सोल वाटेतच सुटून येते. मऊ, चिकट रबराचे नवे सोल लावून घेणे हा उत्तम उपाय आहे. मात्र हे काम माहीतगार कारागिराकडेच करावे. जुना थर पूर्ण घासून, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून ते पुरेसे सुकल्यावरच दाबून बसवले, तरच ते टिकते. परतवाड्यात एकाने टायरचा तुकडा ठोकून देण्याचे आठशे रुपये मागितले. ते देऊ नयेत, कारण गाडीखाली वर्षानुवर्षे झिजू नये म्हणून बनवलेले रबर ओल्या कातळावर धरत नाही.

प्रत्यक्ष टप्प्यावर मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो वाटाड्याच्या एका वाक्याचा : ‘टाच खाली ठेवा भाऊ, पाय नाई सरकत.’ निसरड्या उतारावर टाच खाली घेतली की चवड्याचे अधिक रबर दगडाला लागते आणि वजन पायांवर येते. घाबरून कातळाला छातीने बिलगले की नेमके उलटे होते. बोटभर खाचेवर मात्र चवड्याची आतली कड ठेवून टाच समतल धरावी. त्याआधी नाड्या बोटांकडे घट्ट आवळाव्यात, घोट्याजवळ थोड्या सैल ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी कातळावर पाऊल टाकण्यापूर्वी सोल दुसऱ्या पायाच्या पोटरीवर पुसून कोरडे करावे. शेवाळ असलेल्या डाव्या बाजूला कोणतेही रबर चालत नाही. तिथून चढावेच लागले तर बुटांवर जुने लोकरी मोजे चढवावेत, विणीमुळे पकड स्पष्टपणे वाढते.

पावसाळा संपल्यावर लगेच हा टप्पा करू नये, झिरपणे थांबेपर्यंत थांबावे. उतरताना तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये. पठारावरून गावाकडे जाणारी बैलगाडीची वाट लांबची असली, तरी तीच घ्यावी.