तुम्ही विचारलंत म्हणून: धडा सोडून निळू फुले कशाला?

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हमखास कुणीतरी विचारतं, "मॅडम, धडा शिकवायचा सोडून वर्गात पिक्चर दाखवता म्हणे?" आठवडी बाजारात पालकही विचारतात, फक्त जरा दबकत.

धडा मी सोडत नाही. पण नववीच्या पोरांना 'व्यक्तिरेखा स्पष्ट करा' म्हटलं की गाईडमधले तीनच शब्द उतरतात: प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी. आजी असो, शेतकरी असो, नाहीतर बैल. एकानं तर चिंगूस सावकारालाही प्रेमळ करून टाकलं होतं.

आमचं गाव वडशाच्या बाजूचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरायला लागल्या की नाटकं सुरू होतात, ती पार सकाळपर्यंत चालतात. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग पेंगतो. कितीतरी वर्षं मी नुसती रागावत आले. मग एकदा मधल्या सुट्टीत हापशीजवळ ऐकलं, "त्यानं भावाले पैसे देल्ले, पन वर नाई पाह्यलं. तवाच समजलं मले, याच्या मनात काई तरी हाय." गाईडवाला हाच मुलगा! माणूस ओळखता येतो त्याला, पुराव्यासकट. फक्त ते मराठीच्या तासाला चालतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी अख्खा सिनेमा लावला आणि फजिती झाली. मध्येच लाइट गेली, आणि पोरांच्या लक्षात राहिली ती गाणी. आता तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग दाखवते. पहिल्यांदा बहुतेक वेळा आवाज बंद ठेवून, म्हणजे हात, मान, डोळे बघावे लागतात. नियम एकच: स्वभावाबद्दल काहीही बोललात की मी विचारणार, "कायच्यावरून?"

'फँड्री' सिनेमातला डुक्कर पकडण्याचा प्रसंग मात्र आवाजासकट लागतो. घरच्यांसोबत डुकरामागे धावताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, शाळकरी जब्या थांबतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निघून जातं. एकजण म्हणाला, "जब्या देशभक्त आहे." कायच्यावरून? मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "नाई मॅडम, तो तं आधीपासूनच लपत होता. शाळेतल्या पोरांनी पाहू नये म्हनून. त्याले थांबाले निमित्तच पाह्यजे होतं." कोण बरोबर, ते मी सांगितलं नाही. तास संपला तरी भांडण चालूच होतं.

ओळखीचा नट असला की पोरं पटकन बोलती होतात, हे खरं. पण तोच नट आडवाही येतो, आणि मला शिकवायला खरी मजा तिथंच येते. निळू फुले आमच्या पोरांना मिमिक्रीतून माहीत, वाड्यावर बोलावणारा माणूस म्हणून. 'सामना'तला (1975) साखरसम्राट हिंदुराव दाखवला तर सगळे खूश, अपेक्षेप्रमाणेच. मग 'सिंहासन'मधला (1979) पत्रकार दिगू टिपणीस दाखवते. दिग्दर्शक तेच, जब्बार पटेल; पटकथालेखक तेच, विजय तेंडुलकर. दिगू गुपचूप बसून मंत्र्यांचे खेळ बघतोय आणि वर्ग वाट बघतोय, हा कपट कधी करणार! कायच्यावरून? "निळू फुले हायेत ना, मॅडम!"

मग फळ्यावर मध्ये रेघ ओढायची. दिगूनं काय केलं ते एका बाजूला, आपण घरून काय घेऊन आलो ते दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू नेहमी आधी भरते. (माझी आई तर पडद्यावर निळू फुले दिसले की बोटं मोडायची. ते राष्ट्र सेवा दलातले साधे कार्यकर्ते, हे तिला मरेपर्यंत पटलं नाही.) धड्यातला सावकार वाचतानाही हेच होतं: सावकार म्हटला की वाईट, पुढचं वाचायचंच नाही.

यानं मार्क वाढतात का, असंही विचारतात. थोडे वाढतात. तीन शब्दांत उरकणारे तरीही असतातच.

मागच्या सहामाहीत एका मुलीनं लिहिलं होतं, 'सावकार क्रूर आहे, पण पूर्ण धड्यात तो एकदाही मोठ्याने बोलत नाही. माझा काका नाटकात सावकार करतो तेव्हा खूप ओरडतो. काकाला सांगावे लागेल.' पाचपैकी साडेचार दिले. अर्धा शुद्धलेखनाचा कापला.