माझी साडी कुणी मागितलीच नाही

"माझ्या सुटकेचे कागद करायला वकील आले होते. चांगले होते. पण माझी साडी काढून घेतलीय, ती परत द्या, असं कुणीच म्हणालं नाही."

विधी स्वयंसेवकांच्या, म्हणजे लोकांना कायद्याची मदत मिळवून देणाऱ्यांच्या, प्रशिक्षणात आज एक ताई बोलल्या. कधीकाळी त्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, आता इतर रुग्णांसाठी धावपळ करतात. तोवर आम्ही कलमं लिहून घेण्यात गुंग होतो. त्यांच्या या वाक्यावर सगळ्यांची पेनं थांबली.

साडी काढून गाऊन दिला. केस बारीक कापले. घरी फोन करू द्या म्हटलं तर "नंतर".

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. त्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट आहे: रुग्णाला स्वतःचे कपडे घालता येतात, गणवेशाची सक्ती नाही, जबरदस्तीनं मुंडण करता येत नाही. कलम 27 नुसार मोफत वकील मिळतो, आणि तसा हक्क आहे हे रुग्णाला सांगणं दंडाधिकारी, पोलीस, प्रभारी डॉक्टर यांचं कर्तव्य आहे. आमच्या नोट्समध्ये हे सगळं होतं. पण वॉर्डात गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे ताईंनीच शिकवलं.

मला मनापासून वाटतं, अशा प्रशिक्षणाची सुरुवातच त्यांच्यासारख्या माणसांनी करायला हवी. आज त्यांना जेवणानंतरचा अर्धा तास मिळाला होता.

तुमच्या जिल्ह्यात अशी शिबिरं होतात का? तिथे शिकवायला कोण असतं?