हात हलत नव्हता, पण सगळं पोचत होतं

मज्जातंतूंतल्या नि मेंदूतल्या विजेचे आलेख काढणं हे माझं काम. आयसीयूतून बोलावणं आलं की मी आधी निदान विचारत नाही. बेडभोवती काय काय चालू आहे ते विचारते. व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, हवेची गादी. प्रत्येकाच्या वायरीतून ५० हर्ट्झची वीज आमच्या आलेखावर येऊन बसते, आणि बोटातून येणारा संवेदनेचा सिग्नल तर जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. गादीचा पंप पाच मिनिटं बंद करा म्हटलं की सिस्टर अशा बघतात, जणू मी ऑक्सिजन बंद करायला सांगतेय.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत गल्लीगल्लीत हॉस्पिटलं आहेत. अख्ख्या विदर्भातून नि वरून छिंदवाडा-बालाघाटकडूनही माणसं इथेच येतात. हा मुलगा उमरेडकडचा, विशीतला, शेती करणारा. पावसाळ्याचे दिवस. दुसऱ्या एका दवाखान्यातून ट्यूब घालून, हाताने श्वास द्यायची पिशवी, म्हणजे अँब्यु बॅग, दाबत आणलेला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘श्वास थांबल्याने मेंदूला इजा?’ असं लिहिलेलं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, टॉर्चला प्रतिसाद नाही, डोकं हलवलं तरी बुबुळं जागची हलत नाहीत, खोकला नाही, चिमटा काढला तरी काही नाही. सीटी स्कॅन नॉर्मल. सीटी नॉर्मल आहे तर मेंदू गेला कसा, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. ड्यूटीवरच्या रेसिडेंटने ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, मागवला होता. नर्व्हची तपासणी, म्हणजे एनसीएस, आमच्या न्यूरोच्या सरांनी फोनवरून वाढवली. मी एनसीएस आधी घेतली. ईईजीची पेस्ट एकदा केसांत गेली की माझे हात तासभर चिकट राहतात.

मनगटापाशी मीडियन नर्व्हला झटका द्यायचा आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, त्या स्नायूवरचा प्रतिसाद नोंदवायचा. करंट वाढवत न्यायचा, प्रतिसाद आणखी वाढेनासा झाला की वर वीस टक्के जास्त द्यायचा, म्हणजे नर्व्हमधला एकही तंतू सुटत नाही. हे सगळं प्रतिसाद मिळाला तर. इथे रेष सपाट. अशा वेळी थांबायचं कुठे ते कळत नाही. ४०, ६०, ८० मिलिअँपिअर केले. इलेक्ट्रोड बदलला, कातडी पुन्हा घासली, हात गार असेल म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली. १०० वर, झटक्याची लांबीही वाढवल्यावर, एक बारकी उंची दिसली. ०.३ मिलिव्होल्ट. धडधाकट माणसात ती पाचच्या वर असते. मात्र कोपर ते मनगट वेग सेकंदाला ५४ मीटर, अगदी ठणठणीत.

मग बोटांना रिंग इलेक्ट्रोड लावून संवेदनेची बाजू पाहिली. पहिल्याच झटक्याला स्वच्छ, उंच लाट आली. पुस्तकात छापतात तशी.

एरवी असा आलेख मिळाला की मी खूश होते. या वेळी माझी नजर मॉनिटरवर गेली. नाडी ९६ होती, ती १२८ झाली होती. हृदयाचा स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखा हुकमाची वाट पाहत नाही. तो स्वतःच्या पेशींच्या जोरावर धडधडतो, मज्जातंतू फक्त त्याचा वेग कमीजास्त करतात. म्हणजे वेग वाढवा म्हणणारं कुणीतरी आत होतं. १०० मिलिअँपिअरचा तो झटका मी स्वतःच्या हाताला कधी देऊन घेणार नाही. त्याने मात्र एकूण एक झटका सोसला होता, आणि ‘पुरे’ म्हणायला त्याच्याकडे पापणीसुद्धा नव्हती.

ईईजी लावला. डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला नऊ-दहा लाटांची अल्फा लय, जागा माणूस डोळे मिटून पडलेला असतो तेव्हाची. मी बोटांनी पापण्या उचलल्या, लय मोडली. सोडल्या, परत आली. रेसिडेंटला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, आर्टिफॅक्ट असेल.” म्हणजे बाहेरून घुसलेली खोटी नोंद. या पिढीला पडद्यावर न पटणारं काही दिसलं की आर्टिफॅक्ट. मी पुन्हा पापण्या उचलल्या. मग तो गप्प झाला.

सर आले ते बेडपाशी न जाता आधी बाहेर आईकडे गेले. विचारलं, “झोपला कुठं होता?”

“खालीच, जी. घरात लय गदमदते. पहाटं पोटात दुखते म्हने, मंग डोये मिटाले लागले, बोलनं नाकातून याले लागलं.”

आधीच्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं होतं. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही, रक्त वीस मिनिटांत गोठलं, म्हणून साप बाद. मण्यारीच्या बाबतीत हे सगळं असंच असतं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बऱ्याचदा माणसाला जागही येत नाही, आणि तिचं विष रक्ताच्या गोठण्याला हात लावत नाही. ते जातं मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्या मधल्या जागी. ही फट मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाइतकी. हुकूम टोकापर्यंत विजेने येतो, फट मात्र अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनाने ओलांडावी लागते. मण्यारीचं विष ते रसायन साठवणारं टोकच खराब करतं. तार चांगली, बल्ब चांगला, होल्डर जळालेला. संवेदनेच्या वाटेवर असा सांधा हातात नसतोच, पुढचा निरोप थेट मणक्याकडे जातो. म्हणून ती वाट शाबूत.

सापाचं औषध दिलं, पण खराब झालेली टोकं त्याने दुरुस्त होत नाहीत. ती नव्याने फुटावी लागतात, तोवर व्हेंटिलेटर. ब्रेन डेथ ठरवण्याआधी विष किंवा स्नायू लुळे करणारं औषध शरीरात नाही ना, हे बघणं सक्तीचं आहे. हे सगळ्यांना पाठ असतं. पण ‘विष’ म्हटलं की डोळ्यांपुढे फवारणीचा डबा येतो, बिनखुणेचा साप येत नाही.

दोनेक आठवड्यांनी ट्यूब निघाली. आवाज बसलेला, तरी सगळ्यात आधी तो काकांना म्हणाला की बिलाचं नि अँब्युलन्सवाल्याचं त्यांचं बोलणं त्याने ऐकलंय. काका मोबाइलमध्ये बघत बसले. त्या बेडभोवती आणखी कोण कोण काय बोललं ते मला माहीत आहे. राउंडवाल्यांपैकी एकानेही त्याला विचारलं नाही.

नंतर पुन्हा तपासणीला आला तेव्हा मला ओळखलं ते आवाजावरून. चेहरा त्याने तेव्हा धड पाहिला नव्हता. पापण्या मीच उचललेल्या, आणि मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी जवळचं सगळं धूसर दिसतं. उजव्या हाताचा स्नायू आता सहा मिलिव्होल्ट देत होता. तिथवर पोचायला या वेळी १५ मिलिअँपिअर पुरले, आणि प्रत्येक वेळी मी सांगून झटका दिला. नियमाने दोन्ही हात करायचे असतात. डाव्या हाताला इलेक्ट्रोड लावायला गेले तर त्याने हात मागे घेतला.

“मॅडम, एका हाताचं पाह्यलं ना? दुसराबी तसाच असन.”

मी ‘रुग्णाचा नकार’ असं लिहून रिपोर्ट पाठवला. दुपारी सरांचा फोन आला, डावा हात का नाही केला म्हणून.