तुम्ही विचारलंत म्हणून: चोवीस काडेपेट्या

ठाण्यात नौपाड्यात मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. क्लास सुटताना दारात थांबलेल्या पालकांपैकी कोणीतरी विचारतंच, ‘‘सर, मोबाइल आमच्या पोराला हरवतो, ती खरी एआय की नुसती आकडेमोड?’’

पूर्वी मी डीप ब्लूची गोष्ट सांगायचो. मे १९९७ मध्ये आयबीएमच्या या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असं हरवलं. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं ते. पण कुठली स्थिती चांगली, कुठली वाईट, हे ग्रँडमास्टरांची मदत घेऊन माणसांनी बसवून दिलेलं. दोन डावांच्या मधे दुरुस्ती व्हायची, तीही टीमच करायची. मला त्यात हुशारीपेक्षा हमालीच जास्त दिसते.

आता मी कपाटातून २४ काडेपेट्या काढतो. खेळ अमेरिकन गणितलेखक मार्टिन गार्डनर यांचा, १९६२ चा. एका बाजूने माणूस खेळतो, दुसऱ्या बाजूने या पेट्या. मणी जांभळी नाक्यावरचे. नऊ घरांचा पट, दोन्हीकडे तीन-तीन प्यादी. प्यादं पलीकडे पोचवा, समोरची सगळी मारा किंवा त्याची खेळीच बंद करा, जिंकलात. प्रत्येक पेटीवर एक स्थिती काढलेली, आत शक्य त्या खेळीगणिक एका रंगाचा मणी. पेट्यांची पाळी आली की पटावरच्या स्थितीची पेटी घेऊन न बघता मणी काढायचा आणि तो सांगेल ती खेळी करायची. पेट्या हरल्या की त्यांच्या शेवटच्या खेळीचा मणी जप्त. बास, एवढंच. सुरुवातीला त्या सपाटून हरतात, मग हरायच्या थांबतात.

‘‘पण पेटी कुठे शिकली? मणी तर तुम्ही काढलात!’’ एका मुलाचे आजोबा म्हणाले. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण हात माझा असला, तरी कुठला मणी जायचा हे पेट्यांची हारच ठरवते. गूगलच्या डीपमाइंडने २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रॅमला बुद्धिबळाचे फक्त नियम दिले, बाकी ते स्वतःशीच खेळून शिकलं. माझ्या लेखी ते या काडेपेट्यांचंच वंशज. आणि मोबाइलमधलं स्टॉकफिश, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम? २०२० पासून त्यात हमालीही आहे आणि शिकवून तयार केलेलं न्यूरल नेटवर्कही. म्हणजे उत्तर ‘दोन्ही’. पालकांना हे उत्तर अजिबात आवडत नाही.

आजोबांना तर काहीच पटलेलं नाही. परवा सलग सहा डाव हरल्यावर त्यांनी एक पेटी उघडून पाहिली. आत एकच मणी उरला होता.